गौराचं पथ्य

सिद्रामप्पांच्या मांजरीने सकाळी सकाळी पिवळा फेस ओकला, तो नेमका सत्कार समारंभाच्या निमंत्रणपत्रिकांच्या गठ्ठ्यावर. त्यातही अडचण अशी की समारंभाची सत्कारमूर्ती तीच होती.

लातुरातल्या 'सात्त्विक आहार प्रचारक मंडळा'चे सिद्रामप्पा उपाध्यक्ष. दाळ मिलमधली सुपरवायझरकी संपली, ओरडायला माणसं उरली नाहीत, म्हणून ते भाषणांकडे वळले होते. भाषण कशावरही असो, शेवट ठरलेला. "आमच्या घरची मांजर बघा. दूध-भाकर खाती, प्रसादाचा पेढा खाती. म्होरून उंदीर गेला तरी मान वळवत न्हाई. मुक्या जनावराला कळतं ते माणसाला का कळू नये?" मग टाळ्या. उंदरांचंही या बाबतीत मंडळाशी एकमत होतं. ते सिद्रामप्पांच्या घरात दिवसाढवळ्या सहकुटुंब फिरत.

मांजरीचं नाव गौरा. पेढ्यांवर पोसलेली ही गौरा इतकी गोल झाली होती की उंदरामागे धावायचं तिच्या मनात आलं असतं तरी आधी तिलाच धाप लागली असती. सिद्रामप्पा याला वैराग्य म्हणत. मंडळाचे अध्यक्ष शिवलिंगअप्पा, धर्माबादचे मिरचीचे बडे व्यापारी, यांना हे वैराग्य इतकं भावलं की यंदाच्या मेळाव्यात गौराला शाल घालायची असं त्यांनी जाहीर करून टाकलं. आणि आता सत्कारमूर्ती पत्रिकांवर ओकत होती.

"पित्त हाय, दुसरं काय न्हाई," सिद्रामप्पांनी निदान केलं. त्यांना स्वतःला शुगर आणि ॲसिडिटी दोन्ही होती, त्यामुळे वैद्यकीय ज्ञान घरचंच होतं. त्यांनी गार दुधात खडीसाखर घालून दिली. गौरा ते प्यायली आणि तिने उरलेल्या पत्रिकाही खराब केल्या. मग जिऱ्याचं पाणी झालं. ते पाजताना सिद्रामप्पांच्या मनगटावर चार ओरखडे उमटले. त्यानंतर गौराने खाणंच सोडलं आणि पाण्याच्या भांड्याशी जाऊन बसली.

"अवो, बास करा आता तुमची डॉक्टरकी," साखराबाई म्हणाल्या. "जनावरांच्या दवाखान्यात न्या तिला."

दवाखान्यात डॉक्टर पुनम होत्या. वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट. रक्ताचा रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "काका, हिला शुगर आहे. किडन्याही कमजोर झाल्यात. त्यामुळं पोटात ॲसिड होऊन उलट्या होतायत. खायला काय देता?"

सिद्रामप्पांनी खाकरून भाषणातला शेवटचा परिच्छेद म्हणून दाखवला. दवाखान्यात टाळ्या पडल्या नाहीत.

"काका, मांजर मांसाहारी प्राणी आहे."

"आमची न्हाई."

"तुमची असली तरी ती मांजरच आहे." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "ॲसिडची गोळी अर्धीच द्यायची, किडनीमुळं जास्त चालणार नाही. त्यानंतर थोड्या वेळानं खायला. पोट रिकामं राहू द्यायचं नाही, थोडं थोडं पण वेळेवर. पोटात अन्न गेलं तरच इन्सुलिन. उपाशीपोटी दिलं तर शुगर एकदम खाली जाईल आणि मांजर हातची जाईल. दूध, भाकर, पेढे बंद."

"मंग खाऊ काय घालू?"

"किडनीच्या मांजरांचं डबाबंद खाणं मागवते, पण त्याला वेळ लागेल. तोवर सांगते तेवढंच उकडलेलं चिकन. हाड नको, मीठ नको, कांदा-लसूण तर अजिबात नको."

सगळ्या चिठ्ठीत सिद्रामप्पांना तेवढं एक शेवटचं वाक्य सात्त्विक वाटलं.

घरी येऊन त्यांनी गोळीचं ऐकलं, कोंबडीचं नाही. डाळींच्या लातुरात राहून प्रोटीनसाठी कोंबडी आणायची, म्हणजे गंगेच्या काठी बसून बाटलीतलं पाणी विकत घेण्यासारखं! त्यांनी तुरीचं घट्ट वरण पुढे ठेवलं. मग सोयाबीनच्या वड्या उकडल्या. मग पनीर कुस्करलं. गौराने प्रत्येक वाटीचा वास घेतला आणि पंजाने फरशी उकरून, घाणीवर माती लोटतात तसं, प्रत्येक वाटीवर नसलेली माती लोटली.

"तुमच्या भाषणापायी माझी गौरा चालली," असं म्हणून साखराबाई पदर तोंडाला लावून बसल्या.

सिद्रामप्पांनी गौराच्या पाठीवरून हात फिरवला. जिथे लोण्याचा गोळा लागायचा तिथे मणके लागले. गौराने डोळे अर्धे उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखं डोकं त्यांच्या तळव्यात घासलं. पायात चपला सरकवून ते थेट शेजारच्या गुलाम रसूलकडे गेले.

रसूलभाई शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दोघांचा तीस-पस्तीस वर्षांचा शेजार होता. सिद्रामप्पांनी आधी हवापाण्याची चौकशी केली, मग आवाज खाली आणला. "रसूलभाई, तुमच्याकडं कोंबडी शिजवताना जराशी बाजूला..."

"कोंबडी?" रसूलभाईंनी कपाळावर हात मारला. "अप्पा, ह्या घरात कोंबडी शिजून जमाना झाला! युरिक ॲसिड वाढलंय न मला. डॉक्टरनं गोश्त बंद केलं. ही मलिका मला दोन टाइम दुधी भोपळा खिलवून राहिली. सपनात बी दुधीच येतो."

आतून मलिकाभाबी आल्या. गौराची हकिगत ऐकून त्यांनी एक क्षणही दवडला नाही. "जानवराच्या जिवापुढं काय अप्पा! मी उकडून देते. घेऊन या तिला हितं."

"अन् त्या वासात मी दुधी खाऊ?" रसूलभाई कळवळले. "ह्याच्यापेक्षा मला जहर दे."

"तुमी आमच्याकडं जेवा की," सिद्रामप्पा म्हणाले. "आमच्याकडं वासाची भीती न्हाई."

अशी सोय लागली. दिवसातून चार वेळा सिद्रामप्पा गौराला कापडी पिशवीत घालून, वरून कोथिंबिरीची जुडी ठेवून रसूलभाईंच्या घरी जात. त्यातल्या जेवणाच्या दोन वेळी रसूलभाई सिद्रामप्पांच्या घरी वरण-भाकरीला येत. मलिकाभाबी बशी पुढे ठेवत, गौरा मान खाली घालून खाई, सिद्रामप्पा मान वर करून छताकडे बघत. मग सकाळ-संध्याकाळ घरी साखराबाई इन्सुलिनची सुई टोचत. तेव्हाही छताकडे सिद्रामप्पाच बघत.

आठवड्यात उलट्या थांबल्या. गौराच्या डोळ्यांत चमक आली आणि एके दुपारी तिने चक्क उंदरावर झेप घेतली. उंदीर वाचला, पण त्या दिवसापासून घरातल्या उंदरांचा मंडळावरचा विश्वास उडाला.

गल्लीचाही सिद्रामप्पांवरचा विश्वास उडत चालला होता. समोरच राहणारा मंडळाचा सचिव रविकिरण गॅलरीत उभा राहून दात घासायचा आणि दात घासताना त्याचं सगळीकडे लक्ष असायचं.

"अप्पा, दिवसातून चार-चार खेपा रसूलभाईकडं?"

"मशीन बिघडली हाय."

"कोणती?"

"शिलाईची."

"हाव का? अन् येताना हात का हुंगता?"

सिद्रामप्पांनी हात खिशात घातले. संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर आला: 'काही पदाधिकाऱ्यांच्या आहाराबद्दल कुजबुज आहे. आम्ही नाव घेत नाही.' नाव घेतलं नव्हतं, पण खाली कोथिंबिरीच्या जुडीचं चित्र होतं.

इकडे आड, तिकडे विहीर. कोंबडी मांजर खाते म्हणावं, तर सत्कार रद्द, अध्यक्षांची फजिती आणि इतक्या वर्षांची भाषणं पाण्यात. गप्प बसावं, तर कोंबडी आपण खातो असा शिक्का. "कायबी होऊ द्या," साखराबाई म्हणाल्या, "तिची येळ चुकवू नका." मेळावा होईपर्यंत गप्प बसायचं आणि शाल पडली की गौराला उचलून पळायचं, असं सिद्रामप्पांनी ठरवलं.

मेळाव्याच्या दिवशी सभागृहात मोठा फलक होता: 'सत्कारमूर्ती कु. गौरा.' व्यासपीठावर लोडाशेजारी मखमली गादीवर गौराला बसवलं होतं. गोळी घरीच दिली होती. मलिकाभाबींनी दिलेला डबा सिद्रामप्पांनी टेबलाखाली पायांत धरला होता. हिशोब असा होता, की अर्ध्या तासात सत्कार उरकेल आणि मागच्या खोलीत गौरा जेवेल. पण मराठवाड्यातल्या मेळाव्याचा हिशोब ठेवणारा अजून जन्माला यायचाय. अध्यक्ष उशिरा आले. मग दीपप्रज्वलनाला काडेपेटी सापडेना. मग प्रास्ताविक झालं. मग प्रास्ताविकात राहून गेलेल्या नावांचं प्रास्ताविक झालं. त्यानंतर अध्यक्ष बोलायला उभे राहिले.

गौराने ओठ चाटले. पुन्हा चाटले. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेची तार लोंबली. समोर बायकांच्या रांगेत साखराबाई अर्ध्या उठल्या आणि त्यांनी हाताने घास भरवल्याची खूण केली.

"सचिवसाहेब, जरा आटपा म्हणावं," सिद्रामप्पा रविकिरणच्या कानाशी लागले.

"अध्यक्षांना? डोकं फिरलं का अप्पा?"

"ही गौरा पाहा!" अध्यक्ष गरजत होते. "हिच्या पोटात कधी अभक्ष्य गेलं नाही! हिच्या पोटात फक्त..."

हिच्या पोटात या घटकेला फक्त ॲसिड होतं, हे सभागृहात दोघांनाच ठाऊक होतं. गौराने मान खाली घातली आणि तिच्या बरगड्या आत-बाहेर होऊ लागल्या. सिद्रामप्पांनी एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, एकदा फलकाकडे पाहिलं आणि खाली वाकून डबा उचलला.

झाकण उघडताच वास पहिल्या रांगेपर्यंत गेला. गौरा डब्यावर तुटून पडली. माइक जवळच होता. खाता खाता तिच्या घशातून निघणारी गुरगुर सगळ्या सभागृहाने ऐकली.

"उपाध्यक्ष, हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोंबडी."

पहिल्या रांगेतल्यांनी नाकाला रुमाल लावले.

"हिला शुगर हाय, किडनी गेली हाय, उपाशी राहिली की पोटात ॲसिड होतं," सिद्रामप्पा म्हणाले. "म्या हिला पेढे चारून आजारी पाडलं अन् वरून भाषणं ठोकली. कोंबडी ही खाती, म्या न्हाई. शाल ठिवा तुमच्यापाशी, पद बी घ्या. पर हिला आत्ता खाऊ द्या. न्हाई खाल्लं तर मरंल हो ती."

बायकांच्या रांगेत साखराबाई उघड उघड रडत होत्या. अध्यक्षांनी बराच वेळ गौराकडे पाहिलं. त्यापेक्षा जास्त वेळ डब्याकडे पाहिलं.

"डॉक्टरनं सांगितलंय?"

"हाव."

"चिठ्ठीवर लिहून?"

"हाव."

अध्यक्षांनी माइक पुन्हा जवळ ओढला. "बंधू-भगिनींनो, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं की ते मांस नसतं. ते औषध असतं. आणि औषधाला दोष नसतो!"

आधी कोपऱ्यात एक टाळी वाजली. मग दुसरी. मग सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मंडळाच्या इतिहासात असा कडकडाट कुठल्याच ठरावाला मिळाला नव्हता. 'दुर्धर आजारातही पथ्य न मोडणारी' म्हणून गौराला शाल घातली गेली. ती त्या शालीवर झोपली.

जेवणं चालू असताना सिद्रामप्पा मागच्या खोलीत गौरापाशी बसले होते. दार हळूच ढकलून रविकिरण आत आला.

"अप्पा, मलाबी ॲसिडिटी लई हाय. कुणाला बोललो न्हाई आजवर."

त्याच्यामागून खजिनदार आले. त्यांच्या छातीत जळजळ होती. मग दोन सदस्य आले, एकाला आंबट ढेकर, दुसऱ्याला अशक्तपणा. बाहेर रांग लागली. शेवटी खुद्द अध्यक्ष पोटावर हात ठेवून आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"अप्पा, त्या डॉक्टरबाईंचा नंबर द्या."

"साहेब, त्या जनावरांच्या डॉक्टर हायत."

"असू द्या की," अध्यक्ष म्हणाले. "चिठ्ठी तर देतात न?"

मंडळाच्या पुढच्या बैठकीला सिद्रामप्पा वेळेवर पोचले. सभागृहात सतरंजी होती, माणूस नव्हतं. ग्रुपवर निरोप होता की बहुतेकांची ऐन औषधाची वेळ आहे. ते परत निघाले तेव्हा गल्लीतल्या घराघरातून औषधाला फोडणी बसल्याचा वास येत होता. कांदा-लसणाचं पथ्य मात्र कुणी पाळलेलं दिसत नव्हतं.

घरी रसूलभाई पाटावर बसले होते. गौरा डबाबंद खाणं खाऊन त्यांच्या मांडीला टेकून झोपली होती.

"अप्पा, तुमच्या मंडळात आता गोश्त न खाणारं कोण उरलं?"

सिद्रामप्पांनी हात धुतले, शेजारचा पाट ओढला आणि जरा विचार केला. "म्या हाय," ते म्हणाले. "अन् तुमी."

"मंग तुमी व्हा अध्यक्ष अन् मला करा उपाध्यक्ष!"

"केलं."

साखराबाईंनी नव्या उपाध्यक्षांचं ताट पुढे ठेवलं. रसूलभाईंनी भाकरी मोडली, वाटीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वैनी," ते म्हणाले, "हितं बी दुधीच?"