डायपरची परीक्षा आजोबांच्या पोटावर

"या घरात नापास माल येणार नाही!" असं आजोबांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या एका खांद्यावर नात होती आणि दुसऱ्या खांद्यावर तिला पुसायचा पंचा. त्यामुळे घोषणेला जो काही रुबाब यायचा तो अर्धाच आला. पण घोषणा मनापासून होती.

कारण असं झालं होतं, की नातीच्या ढुंगणाला लाल पुरळ उठलं होतं. पोर एरवी गुणी. पालथी पडून दिवसभर खिदळायची. पण डायपर बदलायची वेळ झाली की असा टाहो फोडायची, की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. मुलीची रजा संपत आली होती. ती हाडांच्या दवाखान्यात रुग्णांना व्यायाम शिकवते. सोमवारपासून ती कामावर जाणार, जावई परगावी नोकरीला, म्हणजे दिवसभर नात आजी-आजोबांकडे. सगळं ठरलं होतं. तेवढ्यात हे पुरळ!

मुलीने दुकानातून तीन प्रकारचे डायपर आणले. चौथे घरात होतेच, कपाटभर. ते तिच्या सासूबाईंनी, म्हणजे आजोबांच्या विहीणबाईंनी मोठ्या हौसेने पाठवले होते. चारही पुडक्यांवर हसरी बाळं. चारही पुडकी म्हणत होती, आम्हीच सुरक्षित. बारीक अक्षरं वाचून मुलीचं डोकं फिरलं आणि ती सहज म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांगा, यातला कुठला वापरू?"

आता हे वाक्य तुमच्या-आमच्या दृष्टीने साधं आहे. पण आजोबा निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. आजी फार तर विचारायची, "अहो, दिवा तुम्हीच चालू ठेवलात ना?" अशा माणसाला एकदम एवढा मोठा प्रश्न! आजोबांना भरून आलं. त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाले, "सोमवारच्या आत निकाल देतो."

आजोबा रेनकोटच्या कारखान्यात तपासणी खात्याचे प्रमुख होते. कामगार त्यांना पाठीमागे 'नापाससाहेब' म्हणत. त्या कारखान्यात एक पद्धत होती. रेनकोटच्या आतलं अस्तर माणसाच्या अंगाला लागणार, म्हणून नवं अस्तर आलं की त्याचा चौकोनी तुकडा ओला करून तपासनिसाने स्वतःच्या पोटावर चिकटवायचा आणि दिवसभर तसंच काम करायचं. संध्याकाळी पोट स्वच्छ, तर माल पास. पोट लाल, तर माल परत. आजोबांनी उभी हयात स्वतःचं पोट असं कारखान्याच्या नावे करून ठेवलं होतं. त्यांच्या मते यंत्रबिंत्र सगळं ठीक आहे, पण पोट खोटं बोलत नाही.

शनिवारी सकाळी मुलगी नातीला घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि आजोबांनी बाह्या सरसावल्या.

"अगं, कात्री दे."

"कशाला?" आजीने विचारलं.

"परीक्षा आहे."

आजीने कात्री दिली. इतक्या वर्षांच्या संसारात ती एक गोष्ट शिकली होती. पुढचा प्रश्न विचारला की उत्तर ऐकावं लागतं.

तपासणाऱ्याला मालाचं नाव ठाऊक असता कामा नये, हा आजोबांचा दुसरा नियम. म्हणून त्यांनी चारही पुडक्यांतून एकेक डायपर काढला, ते डोळे मिटून पत्त्यांसारखे पिसले आणि प्रत्येकाचा एक चौकोन कापला. चारही चौकोन कोमट पाण्याने भिजवले. पाणी मोजूनमापून घालावं हे त्यांना कळत होतं, पण बाळाचं कुठे मोजून असतं? तेव्हा त्यांनी सढळ हाताने घातलं. मग चिकटपट्टीने चौकोन पोटावर बसवले, प्रत्येकावर पेनाने क, ख, ग, घ लिहिलं, वर ढगळ सदरा घातला आणि आरामखुर्चीत जाऊन बसले. बाजूला आजीने आवराआवर केली. पुडक्यांतले उरलेले डायपर टेबलावर एकत्र रचले गेले आणि रिकामी पुडकी केराच्या गाडीत गेली.

डायपरचा चौकोन म्हणजे रेनकोटचं अस्तर नव्हे, हे आजोबांना दुपारी समजलं. अस्तर पाणी बाहेर ठेवतं. डायपर पाणी पितो. पण तो पितो अखंड असताना! कडेने कापलेला डायपर म्हणजे झाकण नसलेली बरणी. आतली पाणी शोषणारी खळ फुगली, कडांतून बाहेर आली आणि साबुदाण्यासारखी थंडगार बोटाबोटाने खाली सरकू लागली. पोट टरारलं. पँटच्या पुढच्या बाजूला एक ओला डाग पडला आणि तो पसरत पसरत गुडघ्यापर्यंत आला.

नेमकी तेव्हाच दारावरची घंटा वाजली.

दारात व्याही आणि विहीणबाई! नातीला भेटायला अचानक आले होते. आजोबा स्वागताला उठले. उठल्याबरोबर 'घ'ने पोट सोडलं आणि पँटच्या पायातून सुळकन खाली येऊन चपलेवर विसावला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं.

"बसा ना, बसा!" आजोबा म्हणाले आणि 'घ' पायाने खुर्चीखाली ढकलला.

विहीणबाई शहाण्या. "मी जरा आत बघते," म्हणत स्वयंपाकघरात गेल्या. व्याही शेजारी बसले. त्यांनी टेबलावरचा डायपरचा ढीग पाहिला, आजोबांचं फुगलेलं पोट पाहिलं, ओली पँट पाहिली आणि आवाज इतका मऊ केला, की आजोबांना कान पुढे करावा लागला.

"कधीपासून?"

"सकाळपासूनच," आजोबा उत्साहाने म्हणाले. कोणीतरी रस घेतोय याचा त्यांना आनंद झाला. "संध्याकाळपर्यंत ठेवायचे."

"एकदम चार?"

"चार वेगवेगळे! कुठला चांगला ते कळायला नको?"

"बरोबर आहे." व्याह्यांनी खुर्ची जवळ ओढली. "पण एवढेसे... मावतात?"

"कापून घेतो."

"घरात माहीत आहे?"

"हिनेच तर कात्री दिली!"

व्याह्यांनी आजोबांचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे पाणावले होते. "लाजू नका. माझ्या थोरल्या भावालाही होतं. शेवटी शरीर आहे. पण तुम्ही किती मोकळेपणाने घेतलंत हो! मी तुमच्याकडून शिकलो."

आजोबांना काहीच कळलं नाही. कौतुक झाल्याचं तेवढं कळलं. ते "हॅ हॅ, त्यात काय," म्हणाले.

इकडे व्याही पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले आणि बाहेर आल्या त्या एकट्या विहीणबाई. त्यांच्या हातात टॉवेल होता, चौघडी केलेला. तो त्यांनी खुर्चीवर अंथरला. "यावर बसा. संकोच करू नका. आणि एक सांगते, रागावू नका. छोटीला आम्ही घेऊन जातो."

"कुठे?"

"आमच्या घरी. सून सोमवारपासून कामावर जाणार. तुम्ही आता स्वतःचं बघायचं की तिचं? एका घरात दोघांचं बदलायचं म्हणजे माझ्या विहीणबाईंचे हाल होतील हो!"

दोघांचं?

आजोबांनी टॉवेलकडे पाहिलं. टेबलावरच्या ढिगाकडे पाहिलं. आपल्या पँटकडे पाहिलं. कारखान्याच्या छपरातून पाणी गळायला लागलं की जसा आधी एक थेंब, मग दुसरा, मग धार, तसा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, नाही! ते माझ्यासाठी नाहीत!"

"सुरुवातीला माणूस असंच म्हणतो," विहीणबाई मायेने म्हणाल्या.

"अगं, सांग ना यांना!" आजोबांनी आजीला हाक मारली.

आजी पदर तोंडात कोंबून दारात उभी. हसून हसून तिला शब्द फुटेना. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई हुंदके देतेय. विहीणबाईंना तसंच वाटलं. त्यांनी धावत जाऊन आजीला मिठी मारली.

इथे मात्र आजोबा पोट, पँट सगळं विसरले. नात जाणार! सोमवारपासून तिला बागेत न्यायचं, चिमण्या दाखवायच्या, दुपारी पोटावर झोपवायचं, असं सगळं त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं. आणि या डागापायी ती जाणार? त्यांचा ओठ थरथरला.

एवढ्यात मुलगी नातीला घेऊन आली. सासूला आईच्या गळ्यात आणि वडिलांना टॉवेलवर बघून ती जागच्या जागी थबकली. "काय झालं?"

"काही नाही, बाळा," विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुझे बाबा फार धीराचे आहेत."

आजोबांना राहवलं नाही. त्यांनी उभं राहून सदऱ्याची सगळी बटणं सोडली.

गोरंपान, गोल पोट. त्यावर तीन फुगलेले चौकोन आणि एक रिकामी जागा. क, ख आणि ग. आजोबांनी एकेक चौकोन ओढून काढला. 'क'खाली पोट स्वच्छ. 'ख'खाली स्वच्छ. जिथून 'घ' पडला तिथेही स्वच्छ. आणि 'ग'खाली लालभडक चौकोन, अगदी फूटपट्टीने आखल्यासारखा!

"बघा!" आजोबा गरजले. "तिच्यासाठी लावले होते! ग नापास आहे! माझ्या नातीला ग लावायचा नाही!"

"पण बाबा," मुलगी म्हणाली, "ग म्हणजे कुठला?"

आजोबांनी आजीकडे पाहिलं. आजीने केराच्या गाडीच्या दिशेने हात केला. नावं गेली होती. निकाल होता, पण परीक्षार्थी कोण तेच माहीत नव्हतं!

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून व्याही पुढे झाले. माणूस मुळात चौकस. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, आजोबांच्या पोटाचा वास घेतला. आधी 'ख'च्या जागेचा, मग 'ग'च्या. 'ग'पाशी ते थांबले. "गुलाब," ते म्हणाले. मग बायकोकडे बघून हळूच म्हणाले, "अगं, हा तर तू पाठवलेला."

विहीणबाईंचा चेहरा उतरला. मुलगी घाईघाईने म्हणाली, "मम्मी, डॉक्टरसुद्धा म्हणाले, वासामुळे असेल बहुधा. बिनवासाचे, बिनरंगाचे, आत लोशन नसलेले घ्या, लवकर लवकर बदला आणि रोज थोडा वेळ उघडं ठेवा. तुम्हाला काय माहीत असणार?"

"मी मुद्दाम महागातले घेतले गं," विहीणबाई म्हणाल्या. आता त्यांचाच ओठ थरथरत होता.

आजोबांनी सदरा सावरला. उभ्या हयातीत त्यांनी माल परत पाठवताना कोणाची भीड ठेवली नव्हती. पण ही बाई आत्ता त्यांच्यासाठी टॉवेलची घडी घालत होती, आणि त्यांच्या बायकोच्या गळ्यात पडून रडत होती. असा माल परत पाठवतात होय?

"विहीणबाई," ते म्हणाले, "माया पास आहे. गुलाब तेवढा नापास."

विहीणबाई रडता रडता हसल्या. व्याही हसले. आजीचं तर आधीपासून चालूच होतं. नातीने सगळ्यांकडे पाहिलं आणि तीही खिदळली. मुलीने वडिलांच्या पोटावरचा लाल चौकोन हलकेच पुसला, मलम लावलं आणि नातीला त्यांच्या हातात दिलं. "बाबा, सोमवारी मी आठला निघते. ही तुमच्याकडे."

आजोबा "बरं" म्हणाले. मग नातीला खांद्यावर घेऊन तिचा पंचा शोधायला लागले.

सोमवारी दुपारी व्याह्यांचा माणूस एक खोकं घेऊन आला. आत नातीसाठी बिनवासाच्या डायपरची पुडकी, बाळाचं मलम, आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं मोठ्या माणसांच्या डायपरचं. सोबत निरोप, "असू द्या घरात. लागेल तेव्हा लागेल."

संध्याकाळी मुलगी घरी आली, पुडकं बघितलं आणि हसत सुटली. "बाबा, परत पाठवू?"

"छे! एवढ्या प्रेमाने दिलंय. वास नाही, आतला थर मऊ आहे आणि कमरेला कुठे काचत नाही. बाई पुष्कळ विचार करून घेतात हो."

मुलगी हसायची थांबली. "कमरेला काचत नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

आजोबांनी लगबगीने नातीला उचललं. "चल गं बाई, तुझी उघड्या हवेची वेळ झाली," म्हणाले आणि गॅलरीत निघून गेले. चालताना पँटमधून जरा सळसळ असा आवाज येत होता, पण आजीने त्याबद्दल काही विचारलं नाही.