मागच्या खोलीतली मेथी

भिंगारच्या डेपोत स्टोअरकीपर असलेल्या भीमराजनं क्वार्टरच्या मागच्या खोलीत मेथी पेरली, तेव्हापासून त्याच्या बायकोचं, चांगुणाबाईचं मन थाऱ्यावर नव्हतं. शेतात पेरली असती तर तिनं स्वतः खुरपली असती. पण सत्त्याण्णव सालच्या एका कृषी प्रदर्शनात काहीतरी पाहून तो आला, लिलावातला पाच खणांचा लोखंडी रॅक आणला, प्रत्येक खणात वाळूचे ट्रे मांडले आणि वर ट्यूबलाइटी लावल्या. खिडकी कायम बंद. मातीचा कण नाही, उन्हाची तिरीप नाही, तरी मेथी तरारून वर येत होती. ती नेमकी कशावर पोसते आहे, एवढंच चांगुणाबाईला कळत नव्हतं.

मग तिनं पाळत ठेवली. भीमराज रोज पाण्यात पांढरी पूड कालवून घाली, आणि माव्याची कीड पडली की एका बाटलीतलं काहीतरी फवारी. बाटलीवरचा कागद निम्मा फाटला होता. उरलेल्या निम्म्यावर कवटी शाबूत होती.

"हे काय हाय?" तिनं विचारलं.

"औषध हाय मेथीचं."

"म्हंजी मेथी आजारी हाय. आजारी भाजी लेकरांना घालू व्हय मी?"

भीमराज हसला आणि दोन जुड्या तिच्या हातात देऊन ड्यूटीवर गेला. चांगुणाबाईनं त्या परसात खड्डा करून पुरल्या, बाजारात जाऊन भाजीवाल्या बनुबाईकडून दोन जुड्या आणल्या आणि त्यांची भाजी केली. रात्री भीमराज बोटं चाटत म्हणाला, की अशी चव बाजारच्या मेथीला येत नाही. तेव्हाच तिनं खरं सांगायला हवं होतं. पण त्याचा उजळलेला चेहरा बघून ती गप्प राहिली.

ते गप्प राहणं तिला महागात पडलं. भीमराजनं डेपोत मेथीची कीर्ती सांगितली. शेजारच्या क्वार्टरमधल्या गोरक्षनाथला जुडी कबूल केली, थोरल्या लेकीच्या, वृषालीच्या सासरी पिशवी धाडायचं ठरवलं. प्रत्येक वेळी तो कौतुकानं घरची मेथी काढून देई, आणि प्रत्येक वेळी चांगुणाबाई ती पुरून बाजारातली बांधून देई. तीन महिन्यांत परसात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. वर धाकटा मुलगा सम्राट विचारू लागला, की आई एवढे खड्डे कशाला खणते.

मग एका रविवारी भीमराजनं डेपोतली आठ माणसं जेवायला बोलावली. बेत अर्थातच मेथीचा. तो सकाळीच काहीतरी काम काढून सायकलवर बाहेर पडला, तशी चांगुणाबाई पिशवी घेऊन बाजाराकडे धावली. बनुबाईची पाटी रिकामी होती.

"जरा थांबा ताई, माल येतोच हाय," बनुबाई म्हणाली.

माल आला. सायकलच्या कॅरिअरवर ओलं पोतं होतं, आणि सायकल भीमराज चालवत होता.

बनुबाईनं पोतं उतरवून घेत कौतुकानं सांगितलं, "ह्याच दादांची मेथी तर तुमी पयल्यापासनं नेताय, ताई."

चांगुणाबाईच्या डोळ्यांसमोरून सम्राट, गोरक्षनाथ, वृषालीचे सासूसासरे असे ती मेथी खाल्लेले सगळे एकामागून एक गेले. परतताना तिनं सारं कबूल केलं. भीमराजनंही केलं. रॅकवर मेथी मावेना, पण विकतो म्हटलं तर ही कटकट करील, म्हणून त्यानं लपवलं होतं.

"ते औषध फवारल्यावर किती दिसांनी काढायची भाजी?" तिनं विचारलं.



"ते फाटून गेलेल्या निम्म्या कागदावर हुतं," भीमराज सायकल ढकलत म्हणाला. "मला बी धाकधूक हुती. पन तुझ्यासारखी संशयी बाई बिनधास्त रांधती म्हटल्यावर मी म्हटलं, काय भ्या न्हाई."

तिला हसावं की रडावं ते कळेना. मग तिनं त्याला तसंच मागं फिरवलं आणि पोतं परत आणायला लावलं. बनुबाईनं त्याऐवजी गवार पुढे केली. चांगुणाबाईनं ती कुणाच्या मळ्यातली आणि कधी फवारलेली, असं विचारलं. बनुबाई म्हणाली, "ते आमाला कोन सांगतंय, ताई?"

दुपारी आठही पाहुण्यांना पिठलं-भाकरी वाढली. गोरक्षनाथनं मेथीची चौकशी केली, तेव्हा नवराबायको एकाच वेळी म्हणाले, "संपली." पिठल्यावर कोथिंबीरही नव्हती.