गुलाबभाऊंची शारदनी

गुलाबभाऊ चहाचा पहिला घोट तोंडात धरून डोळे मिटत. मग निकाल येई, "लाकूड लागलं." कचेरीसमोरचा चहावाला लाकडी डावानं चहा ढवळायचा, एवढाच त्याचा गुन्हा.

अमरावतीत आम्ही एकाच कचेरीत होतो, शेजारीही होतो. दुसऱ्या महायुद्धात फौजेत असताना भाऊ जर्मनांच्या हाती सापडले, फ्रान्समधल्या कैदेतून निसटले आणि द्राक्षं पिकवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं त्यांना हंगामभर लपवलं. त्याच्याकडे शार्डोने नावाच्या द्राक्षाची वाइन होई. भाऊंच्या तोंडी तिची शारदनी झाली होती.

"लाकडी पिंपात मुरवली का तिले धुराचा वास येते," ते सांगत. "गाळावर ठेवली का पावाचा. आमचा म्हातारा तिले सिमेटाच्या हौदात ठेवे, थंड तळघरात. मंग कच्च्या सफरचंदावानी लागे. निस्तं द्राक्ष बोले."

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून भाऊंची दारू बंद होती, शारदनीचं नाव मात्र चालू. ते द्राक्षाचं नाव आहे हे त्यांच्या पत्नीला, अनसूयाबाईंना, शेवटपर्यंत पटलं नव्हतं. "द्राक्षासाठी कोणी असे डोळे मिटते का?" त्या मला विचारत.

पुढं त्यांच्या मुलीला, सुमनला, पाहायला तिवशाहून मंडळी आली; शेजारी म्हणून मीही बसलो होतो. भाऊंनी स्वतः संत्र्याचा रस काढला. साखर नाही, मीठ नाही. मुलाचे वडील शाळामास्तर. त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर राहिली वाटते."

"फळाले बोलू द्या थोडं. हे मले फ्रान्सात शारदनीनं शिकवलं."

पेला खाली आला. "ह्या कोण?"

"काय सांगू तिची गोष्ट. पिंपात कोंडली का बिघडते. मी तिले पहिल्यांदा हौदात पाह्यली."

पडद्यामागं बांगड्या वाजल्या. मास्तर टोपी शोधू लागले. मी घाईनं सांगितलं, द्राक्ष आहे हो, वाइनचं द्राक्ष.

मास्तर आणखीच कडक झाले. "दीक्षा घेतली न तुमी?"

"घेतली. तवापासून थेंब नाही."

"मंग तिची याद कावून काढता?"

"गावात आमच्या हाताच्या वंजळीत वरून पाणी ओतत," भाऊ म्हणाले. "थो म्हातारा हौदातून एक पेला भरे. अर्धा आपण पिये अन् थोच पेला माह्या हाती दे. इचारे, सांग, कशी झाली. मले असं कोणी इचारलं नोतं. चव ध्यानात हाय. त्याचा चेहरा इसरून राहिलो आता."

मास्तरांनी रस संपवला आणि मुलीला बोलवा म्हणाले. सोयरीक त्याच दुपारी ठरली. पण सुमनच्या आधी अनसूयाबाई बाहेर आल्या. पाहुण्यांसमोर कधी न बसणारी ती बाई सरळ नवऱ्याशेजारी बसली.

"हे मले कावून नाही सांगितलं?"

"तू शारदनीचंच इचारत होती."

"बरं, त्या म्हाताऱ्याचं सांगा. मिशा होत्या त्याले?"

भाऊंनी चहाच्या पहिल्या घोटाला मिटत तसे डोळे मिटले.

"होत्या," ते हळूच म्हणाले. "पांढऱ्या. चिलमीनं डाव्या अंगाले जराशा जळलेल्या."