साळवे नाना आणि तिकोनी इंजिन

आमच्या शेजारचे साळवे नाना बिघडलेल्या यंत्राला आधी कारणे दाखवा नोटीस देतात, मग पान्हा लावतात. थट्टा नाही. एसटीच्या वर्कशॉपात हेडमेकॅनिक म्हणून जन्म काढताना साहेब लोकांनी त्यांना इतक्या नोटिसा दिल्या की निवृत्तीनंतर आपणही कुणाला तरी द्याव्यात, असं त्यांना वाटलं असावं. पण हाताखाली माणूस उरला नव्हता. मग पाण्याची मोटर, मिक्सर, झालंच तर माझी स्कूटर. ‘आपण आज सकाळी कामावर असताना विनाकारण बंद पडलात. चोवीस तासांत खुलासा करावा.’ असा कागद चिकटपट्टीने लावून नाना खरोखर चोवीस तास थांबतात. माझी स्कूटर मुदतीच्या आत आपोआप चालू झाली. तेव्हापासून त्यांना हसायची माझी सोय राहिली नाही.

त्यांचा आवडता शब्द ‘कावून?’ टमाटे महागले, कावून? बस उशिरा आली, कावून? हा प्रश्न ते विचारत नाहीत, अंगावर फेकतात.

तर आमच्या चौसाळा गावात हायवेच्या कडेला, नानांच्या घरामागे, पत्र्याचं शेड आहे. त्यात ताडपत्रीखाली एक लाल जपानी गाडी. नानांच्या राहुलने पुण्याला इंजिनिअरिंग शिकताना भंगारातून उचललेली. पुढे पोरगा नोकरीला जपानलाच गेला आणि गाडी इथे राहिली, नानांसोबत. काकू गेल्यापासून घरात ही दोघंच.

या गाडीच्या इंजिनात पिस्टन नाहीत. समोशाच्या आकाराचे दोन तिकोनी रोटर पोटात गरगर फिरतात. जुनं इंजिन जाम झालं होतं. राहुलने यंदा तिकडून दुसरं, वापरलेलं पण धडधाकट पाठवलं आणि वर म्हणाला, “बाबा, तुम्हाला नाही जमायचं. पुण्याहून माणूस बोलवू.”

“कावून?” नाना एवढ्या मोठ्याने म्हणाले की माझ्या घरातलं मांजर पळालं.

मी मदतीला गेलो, आणि इथेच घोटाळा झाला. प्रत्येक रोटरला दोन प्लग, एक वर, एक खाली. म्हणजे चार वायरी. “मास्तर, तुमचं अक्षर चांगलं हाय, वायरींवर नंबर घाला,” नाना म्हणाले. मी सुबक अक्षरात एक ते चार घातले. मग उत्साहाच्या भरात डिझेलच्या फडक्याने मीच वायरी चकाचक पुसल्या. आकड्यांसकट! गणिताचा मास्तर चार आकडे विसरला, हे गावाला कळणं बरं नव्हतं. मी आठवतील तसे परत लिहिले. आधीपेक्षा सुबक.

इंजिन गाडीत बसवून झालं. नानांनी चावी फिरवली. ते कण्हलं, धापा टाकल्या, मागून एकदा फट्ट केलं आणि गप्प झालं. दुपारपर्यंत चारही प्लग पेट्रोलने चिंब.

“आरं, घाटात मेलेल्या गाड्या उठवल्या म्या! आन् ह्यो समोसा मला उलटा बोलतो?” नानांनी नोटीस चिकटवली. चोवीस तास झाले. खुलासा नाही.

बघे जमले. एकजण म्हणाला, “नाना, ट्रॅक्टर लावून ओढा. उसाची ट्रॉली निघती, हे कावून निघना?” दुसऱ्याने बॉनेटला लिंबू-मिरची बांधायला सांगितली. नाना त्याच्यावर असे धावले की तो बिचारा फाटकापर्यंत मागे गेला. “लिंबू सरबतात पिळायचं आस्तंय बे! कापून दाव, हाय का त्यात ठिणगी?”

रोज संध्याकाळी सातला राहुलचा व्हिडिओ कॉल येऊ लागला. तिकडे तेव्हा साडेदहा वाजलेले असतात. याआधी त्याचा फोन फक्त रविवारी यायचा, “गोळी घेतली का?” एवढं विचारून संपायचा. आता तासभर चाले. मी मोबाइल धरून उभा, नाना बॉनेटमध्ये कमरेपर्यंत.

“बाबा, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढून सेल मारा. आतलं पेट्रोल बाहेर पडेल. प्लग वाळवा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडा.”

मी धावत जाऊन स्वयंपाकघरातून करडईचं तेल आणलं.

“मास्तर, फोडणी द्यायचीय का त्याला?”

राहुल तिकडे पोट धरून हसला. असे आठ दिवस गेले. रोज नवा संशय, रोज नानांचा नवा संताप. इंजिनावर, ते पाठवणाऱ्यावर, एकूण जपानवर. “रागावू नका, बाबा.” “मंग काय सत्कार करू ह्याचा?”

मला अन्न गोड लागेना. माझे आकडे चुकले असतील तर ठिणगी नको त्या वेळी पडणार, हे आता मलाही कळत होतं. नवव्या दिवशी नाना बीडला निघालेले पाहिले आणि मी चोरासारखा शेडात शिरलो. बघतो तर माझ्या आकड्यांवर काट मारलेली, शेजारी नानांच्या हातचे आकडे. वायरी जागच्या जागी.

“काय हुडकताय, मास्तर?”

नानांची बस चुकली होती. मी सगळं कबूल केलं.

“तिसऱ्या दिवशीच समजलंय मला,” नाना म्हणाले.

“मग चालू का होत नाही?”

नानांनी शर्टाच्या खिशातून तो पंपाचा फ्यूज काढला, जागेवर बसवला, चावी फिरवली. गांधीलमाश्यांचं पोळं उठावं तसा आवाज झाला आणि पत्रे थरथरले. मी टाळ्या वाजवणार, तोच त्यांनी इंजिन बंद केलं. फ्यूज पुन्हा खिशात.

आता भडकायची पाळी माझी होती. “सहा दिवस मी झुरतोय, आणि तुम्ही फ्यूज खिशात घेऊन हिंडताय? पोराला सांगितलं का नाही?”

नाना फडक्याने हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

“चालू झाली म्हनलं की त्यो म्हनंल, बरं झालं, बाबा. आन् मंग फोन डायरेक रविवारी.”

सात वाजता फोन आला. नाना इंजिनाला नेहमीप्रमाणे वाटेल ते बोलले. पण राहुलने “आज काय काय तपासलंत?” असं विचारलं आणि ते अडकले. नानांना ओरडता येतं, थेट विचारल्यावर खोटं बोलता येत नाही.

“राहुल, घोळ वायरींचा असणार,” मी मध्ये तोंड घातलं. “आकडे मी घातलेत.”

“सर, तुम्ही चुकलात?” तो हसला. मग बापाकडे बराच वेळ बघत राहिला. “चार वायरी आहेत ना, बाबा? रोज एक तपासू. घाई करू नका.”

“उरक लवकर, मला दुसरी कामं हायत,” नाना खेकसले, आणि खुर्ची मोबाइलच्या अगदी जवळ ओढून बसले.