तिसरीच्या वर्गाने दिलेली शिक्षा

पास्कोल सर मूल्यशिक्षणाच्या तासाला गोष्टी सांगत नाहीत, स्वतःचे गुन्हे सांगतात. तिसरीच्या वर्गासमोर हाताची घडी घालून म्हणतात, "न्यायाधीश महाराज, काल मी रिक्षाच्या रांगेत मध्येच घुसलो." मग पोरं शिक्षा ठोठावतात.

माणिकपूरच्या आमच्या मिशनच्या शाळेत माझा वर्ग शेजारीच. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, त्यामुळे सगळं ऐकू येतं. एकदा सरांनी पाचूबंदरच्या कोळणीचे ताजे बोंबील शिळे ठरवून भाव पाडला. कबुली दिल्याबरोबर पोरांनी आठवडाभर मासळी बंद केली. अहो, हा माणूस डब्यात भाजी दिसली की झाकण लावणारा! पण सुकटीलाही शिवला नाही. "शिक्षा म्हणजे शिक्षा, बाई! मीच पाळली नाही तर पोरं कशाला पाळतील?"

वर्गात सगळ्या धर्मांची मुलं. "देव आडनाव विचारत नाही," हे सरांचं ठरलेलं वाक्य. आणि याच माणसाने एकुलत्या एक मुलीला, लवीनाला, घर बंद केलेलं! का, तर जावई ख्रिस्ती नाही. ती इथेच विरारला राहते. बायको गेल्यापासून सर एकटेच. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "बाई, जास्तीचा खडू आहे का?" असा संताप आला होता म्हणून सांगू!

परवा दोन पोरांचं भांडण मिटवत होते. त्यातल्या एकाने विचारलं, "सर, तुमची कुणाशी कट्टी आहे?"

त्या वर्गात खोटं बोलायची सोय नाही.

"आहे. माझ्या मुलीशी."

पोरांनी डोकी एकत्र केली. "तिच्या घरी जेवायला जायचं. आणि ताटात काही टाकायचं नाही!"

लवीनाचं सासर पक्कं शाकाहारी, हे पोरांना काय माहीत! मी पार्टिशनला कान लावून उभी.

सोमवारी वर्गाने सरांना आत पाऊलही नीट टाकू दिलं नाही. "गेलात, सर? बट्टी झाली?"

सर खुर्चीवर बसले. एरवी वर्गात कधी बसत नाहीत.

"गेलो. बोलली नाही रे माझ्याशी. कारल्याची भाजी होती. सगळी खाल्ली."

"मग?"

"मग उठायला लागलो, तर म्हणाली, 'डॅडी, भात घेतल्याशिवाय उठायचं नाही.'"

आणि सर भर वर्गात रडायला लागले. पार्टिशनच्या अलीकडे मीसुद्धा.