यादीत नसलेली कवळी

सासऱ्यांची कवळी बसमध्ये राहिली आणि कुणा भल्या माणसाने ती सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीवर जमा केल्याचा निरोप आला. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढे जावई आडवा आला.

जावई त्या बस कंपनीतच कामाला. सापडलेली वस्तू मालकाला परत देण्याचा अर्ज संगणकावर कसा भरायचा, याचा साचा त्यानेच घडवला होता. कुठला रकाना कधी उघडेल, त्यात काय चालेल, सगळं त्याने जर आणि तर लावून घट्ट बांधलं होतं. ऑफिसात त्याला 'जरतर' म्हणत. त्याला तो मान वाटे. "माझ्या साच्यातून चुकीचा अर्ज जाऊच शकत नाही," असं तो घरी जेवतानाही सांगे, आणि बायको त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवी.

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. पाच वाजता जुन्या शाळेत त्यांचा सत्कार होता, आणि मग त्यांचं भाषण. विषय, 'शुद्ध उच्चार'. घड्याळात साडेतीन झाले होते.

"फापडली का?" त्यांनी खिडकीशी विचारलं. दातांविना 'स'चा 'फ' होत होता.

"सापडली ना, आजोबा," खिडकीवरच्या बाईंनी एक बंद डबी टेबलावर ठेवली. "अर्ज भरला की उघडायची. त्याआधी नाही, साहेबांचाच नियम आहे."

साहेब, म्हणजे जरतर, शेजारी उभा राहून कौतुकाने हसला.

अर्जातल्या वस्तूंच्या यादीत छत्री होती, चष्मा होता, सायकलचा पंपसुद्धा होता. कवळी नव्हती. बाईंनी त्यातल्या त्यात जवळचं म्हणून 'दात' निवडलं. पडद्यावर भराभर नवे रकाने उघडले.

"साहेब, मृताचं नाव विचारतंय."

जरतरचं हसू मावळलं. दात म्हणजे अवयव, आणि सुटा अवयव बसमध्ये सापडला तर माणूस धड कसा असेल, असा लांबचा विचार करून हा नियम त्यानेच एका दुपारी लिहिला होता आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

"बदला की. दुसरं काहीतरी निवडा."

"एकदा निवडलं की बदलत नाही. लबाडी नको म्हणून. तुम्हीच केलंय."

"मग रद्द करा!"

"रद्द केलं तर वस्तू आठ दिवस कुलपात. तेही तुम्हीच."

सासऱ्यांनी घड्याळ पाहिलं. "भरा," ते म्हणाले. "मेलो फमजा."

नाव गेलं, मरणाची म्हणून कालची तारीख गेली. मग अर्जदाराचं मृताशी नातं. पत्नी होती, मुलगा होता, मुलगी होती. जावई नव्हता. जरतरने चाचरत बायकोला फोन लावला.

"अहो, कवळी आणायला पाठवलं होतं तुम्हाला," ती ओरडली, "आणि तुम्ही बाबांना मारून मोकळे झालात?"

ती धापा टाकत पोचली तोवर सव्वाचार झाले. तिने बापाकडे पाहत, वारस म्हणून, बापाच्या मरणाखाली सही केली.

"मृत्यूचं कारण?" बाईंनी विचारलं.

"जावई," सासरे म्हणाले. हा शब्द मात्र अगदी स्वच्छ उमटला.

"लहान पडतंय. किमान दहा अक्षरं लागतात."

"लिहा, जावयाचा अतिशहाणपणा," मुलगी म्हणाली.

हिरवी खूण आली. जरतरचा जीव भांड्यात पडला. "बघा, उशीर होतो," तो म्हणाला, "पण अर्ज निघतो तो निर्दोष!"

सासऱ्यांनी पाठ फिरवून डबी उघडली, कवळी तोंडात बसवली आणि वळले. वरचा ओठ नाकाला टेकला होता. चेहऱ्यावर कुणा परक्याचं भलंमोठं हसू होतं.

"बाबा, ही तुमची नाही," मुलगी हळूच म्हणाली.

जरतर पडद्याकडे पाहत राहिला. कवळी तोंडात बसते का, हा रकाना त्याने ठेवलाच नव्हता.

"परत घ्या हो ही," तो बाईंना म्हणाला.

"घेते की." बाईंनी की-बोर्ड जवळ ओढला. "फक्त परत करणारा माणूस जिवंत लागतो."

सासऱ्यांनी कवळी काढून जावयाच्या तळहातावर ठेवली आणि मुलीचा हात धरला.

"चल. भाफण तफंच करतो," ते म्हणाले. "याला मात्र फभागृहात आणू नकोफ."