दामूअण्णांची अर्धी जोडी

धाटावच्या आमच्या कंपनीत दामूअण्णा शिफ्टला आले की गेटवर रोज तंटा. वॉचमन त्यांचा खिसा चाचपायचा आणि मुठीएवढं पितळी वज्र बाहेर काढायचा. दोन्ही टोकांना मिटलेल्या पाकळ्या.

"अण्णा, हत्यार हाय का ह्ये?"

"हत्यारच हाय! अज्ञान फोडायचं!"

अण्णा तरुणपणी सैन्यात, लडाखला होते. तिथल्या एका म्हाताऱ्या लामाने त्यांना वज्र आणि घंटा दिली. तांत्रिक पूजेतली, कित्येक पिढ्या हाताळलेली. वज्र उजव्या हातात, घंटा डाव्या. "वज्र म्हणजे करुणा, घंटा म्हणजे प्रज्ञा. जोडी मोडायची नाय!" चहा गार व्हायचा, प्रवचन नाही. पण घंटा कुणी पाहिली नव्हती.

आमच्या पेणच्या वाचनालयात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं आणि मी अण्णांच्या मागेच लागलो. जोडी आली तर प्रदर्शनाचं सोनं होणार होतं! घंटेचं नाव काढताच अण्णा खिशातलं वज्र चाचपू लागले. मग म्हणाले, "आणतो."

आणि आणली की! गणपतीच्या मुकुटासारखी झळझळीत. वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णांनी डोळे मिटले, मंत्र पुटपुटले, उजवा हात छातीशी नेला, डावा उंच केला. आम्ही श्वास रोखले. अण्णांनी घंटा हलवली.

खट्.

पुन्हा जोरात हलवली, तर मूठ हातात आणि घंटा जमिनीवर! सोनेरी रंगाच्या आतून पांढरंफेक प्लास्टर. मागून आमच्या आळीतला मूर्तिकार ओरडला, "अण्णा, सांगितलं व्हतं ना, हलवू नका! कालच रंगवलीय!"

सगळं वाचनालय हसून लोळलं. अण्णाही हसले, पण लगेच चपला शोधू लागले.

मी मात्र पेटलो होतो. चारचौघांत माझं हसं झालं होतं. "खरी घंटा बघितल्याशिवाय सोडत नाही," म्हणत त्यांच्याबरोबर रोह्याची एसटी पकडली.

रोह्याजवळच्या वरसे गावात त्यांच्या घराचं फाटक करकरलं, आणि आतून घंटा वाजली. काय तो नाद! अंगावर काटाच आला. अण्णा चपला न काढताच आत धावले.

खाटेवर वहिनी होत्या. अर्धांगवायूने उजवी बाजू आणि वाचा दोन्ही नेलेली. डाव्या हातात ती घंटा, बोटांना रुतू नये म्हणून मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली.

"हाक मारायला हेच हाय तिला," अण्णा हळूच म्हणाले. "शेजारीण बसते, मी शिफ्टला जातो. पण तुझ्या प्रदर्शनापायी हिचा आवाज कसा उचलून नेऊ, सांग?"

माझा राग कुठल्या कुठे गेला होता.

अण्णांनी खिशातलं वज्र काढून वहिनींच्या उशाशी ठेवलं. वहिनी माझ्याकडे बघत पुन्हा घंटा वाजवू लागल्या.

"व्हय गो, व्हय, टाकतो," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बस. चहा घेतल्याबिगर सोडायची नाय ती."